विरळ हवा

वर्लिनने अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये काढला. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला आणि अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगरावर हवा विरळ झाली तरी इंजिनाचा दम तुटू नये म्हणून लॅपटॉपवर इंधनाचं प्रमाण पुन्हा पुन्हा जुळवत बसला.

"जिना चढताना धापा टाकतोस. डॉक्टरकडे कधी जाणार?" बायको कॉलीन विचारायची.

"आधी हिचं होऊ दे गं!" गाडीवर थाप मारत तो म्हणायचा.

हिवाळा सरता सरता एका शनिवारी दोघं त्या गाडीवरून डोंगराच्या बर्फाळ माथ्यावर पोचली. गाडी कुठेही अडखळली नाही. वर्लिन मात्र उतरला तो छाती धरून बर्फातच बसला. ओठ निळे पडले. कॉलीनने त्याला पाठीशी बांधून त्याच गाडीवरून खाली आणलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर त्याने डोळे उघडले, तिला जवळ बोलावलं आणि पुटपुटला,

 

"काय गं, उतरताना इंजिनाने आचके तर दिले नाहीत ना?"