पापडांची राखण

"हे पापड आधी उचला!" तपासणीला आलेले साहेब कडाडले. "आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी नव्वद कोटी घालून बांधलेला सायकलचा ट्रॅक आहे हा!"

"स्पर्धा संपली. दहा वर्षांत एक तरी खेळाडू फिरकला का इथं?" हौसाबाई पापड पसरत राहिल्या. "ऊन मात्र झकास लागतं."

साहेबांनी 'वापर' या रकान्यात 'शून्य' लिहिलं. वापर नसेल तर ट्रॅक पाडायचा, असा वरून हुकूम होता.

तेवढ्यात हौसाबाईंची सून पदर खोचून, जुन्या सायकलवर बसून कावळे हाकायला निघाली. पापडांच्या वरच्या अंगाला, भिंतीसारख्या तिरक्या उतारावर, ती सुसाट सुटली. साहेबांनी नकळत घड्याळ पाहिलं. दुसरी फेरी पहिलीपेक्षा चार सेकंद लवकर झाली.

"एवढ्या जोरात कशाला?" त्यांनी ओरडून विचारलं.

"हळू गेले तर घसरून पापडांवर पडेन की!"

साहेब खुदकन हसले. त्यांनी 'शून्य' खोडून 'सराव चालू' लिहिलं.

"पुरे गं, कावळे गेले," हौसाबाईंनी हाक मारली.

"फिरू द्या तिला," साहेब बूट काढत म्हणाले. "पापड मी राखतो."