गाठीची फळी

शेवटच्या चार पाचरी उरल्या आणि सुताराचा हात काही उठेना.

डोक्यावर दगडी कमान, तिच्याखाली त्याने उभा केलेला लाकडी ढाचा. सात महिने या ढाच्याने एकेक दगड अंगावर झेलला होता. आता पाचरी ठोकून काढायच्या, ढाचा खाली सोडायचा आणि दगडांनी आपला भार आपणच पेलायचा. पेलला तर पूल झाला. नाही पेलला, तर सुतार खाली होताच.

दोन्ही काठांवर ही गर्दी! पण पुलाच्या जवळ एकही नाही. माणसाला शहाणपण बरोबर वेळेवर सुचतं.

तेवढ्यात गुडघाभर पाण्यातून गवंडी आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. हा सुताराच्या बायकोचा थोरला भाऊ. सात महिन्यांत एक चांगला शब्द तोंडातून काढेल तर शपथ. "दाजी, अर्धं बोट उंच झालंय." "दाजी, गाठीची फळी घालू नका, ऐन वेळी दगा देईल." सुताराने मात्र ती फळी घातलीच होती. लाकूड त्याला कळत होतं.

"तुम्ही कशाला आलात? जा वर," सुतार म्हणाला.

"वरून काय दिसणार? तुमची हातोडी कुठे चुकते, ते इथूनच दिसतं."

काठावरून सुताराची बायको ओरडली, "अहो! दादा! एकजण तरी बाहेर या! माझं सासर आणि माहेर एकाच कमानीखाली काय घालताय!"

कोणीच हललं नाही.

सुताराने हातोडी उचलली. एक. दोन. तिसरी हट्टाला पेटली होती, तीही निघाली. चौथीला लाकूड कण्हलं आणि अख्खा ढाचा दोन बोटं खाली बसला. सुताराच्या केसांत चिमूटभर चुना पडला. बस्स, तेवढंच. कमान होती तिथेच होती, आणि दगड-लाकडाच्या मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

मग काय विचारता! लोकांनी गवंड्याला खांद्यावर घेतलं. सुतार खाली राहून एकेक फळी उतरवू लागला. उद्या यांची कुणाच्या तरी गोठ्याची दारं होणार. पूल बघून सुतार कोणाला आठवायचा? वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी गड्यांनी कमानीच्या पोटाला सांध्यांतून बाहेर आलेला चुना खरवडायला घेतला. सुतार तिथेच फळ्या रचत होता. गवंडी धावतच आला.

"हात लावू नका! कोणी सांगितलं खरवडायला?"

"मिस्त्री, पण खडबडीत दिसतंय की."

"दिसू दे."

चुन्यावर फळ्यांचे छाप उमटले होते. लाकडाची रेघ न् रेघ, आणि खालच्या अंगाला, कमान सुरू होते तिथे, ती गोल गाठसुद्धा. गवंडी परांचीवर चढला नाही की त्याने शिडी मागितली नाही. सुताराचाच खांदा धरून दगडावर चढला आणि त्या गाठीवरून त्याने अंगठा फिरवला.

"दाजी," तो खाली न बघताच म्हणाला, "बरं झालं, तेव्हा माझं ऐकलं नाहीत."