आपल्यात असलं काही नाही

"तू बोलायचंस, शुभा," सिटी हॉलसमोर गाडी पार्क करताना सुचित्राकाकू म्हणाल्या. "तुझं इंग्लिश छान आहे. आपल्यात असलं काही नाही, एवढंच सांग. तुझ्यानंतर मी आहेच."

शुभा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? काकूंचे यजमान शशिकांत तिचे बॉस होते. तिच्या ग्रीन कार्डचं सगळं त्यांच्याच हातात होतं.

जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा नियम आज कौन्सिलपुढे होता. काकूंचा ग्रुप त्याच्या विरोधात उभा होता.

जात कळू नये म्हणून शुभाच्या वडिलांनी ती शाळेत असतानाच आडनाव बदललं होतं. तरी काकूंकडे पहिल्यांदा जेवायला गेली तेव्हा त्यांनी विचारलंच, "गाव कुठलं गं?" गावाचं नाव सांगून तिनं घाईनं विचारलं, "तुमचं माहेर कुठलं, काकू?"

"आता तिकडे कोणी उरलं नाही," म्हणत काकूंनी तिला आमटी वाढली.

आत मिसेस ओडेसा बोलत होत्या. ऐंशी पार केलेल्या, काळ्या, काठी टेकत माइकपाशी आलेल्या.

"आमच्या गावात पाण्याचा नळसुद्धा वेगळा होता. कायद्यानंच. आम्ही गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसलो. मार खाल्ला, तुरुंगात गेलो, पण उठलो नाही. तेव्हा कुठे कायदा बदलला. 'इथे सगळं ठीक आहे,' असं तेव्हाही लोक सांगायचेच."

शुभाचं नाव पुकारलं गेलं. माइककडे जाता जाता तिनं ठरवलं, सांगून टाकायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

तिनं वळून पाहिलं. काकूंशेजारी बसलेले शशिकांत हसून मान डोलावत होते. काकूंची नजर तिच्यावर खिळली होती.

"आमच्यात जातपात नाही," ती म्हणाली. "मला तरी कधी अनुभव आलेला नाही."

टाळ्या पडल्या. मिसेस ओडेसा तेवढ्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. शुभा खुर्चीत येऊन बसली तेव्हा तिला मान वर करवेना.

काकू उठल्या. टाइप करून आणलेलं भाषण त्यांनी शुभाच्या मांडीवर ठेवलं आणि रिकाम्या हातानं माइकपाशी गेल्या.

"शुभा आत्ता जे बोलली, तेच मी लग्न झाल्यापासून बोलत आले," त्या म्हणाल्या. "शशी, तुलाही आजच कळतंय. मी दलित आहे."