कुणालाच न कळणारी भाषा

“अंकल, ये भी समझ आ गया,” काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक अनुराग म्हणाला.

बबनराव वानखड्यांनी हातातल्या कागदावरचं तिसरं वाक्य खोडलं. समोरच्या पडद्यावर एक अजस्र युद्धयंत्र तोंड उघडून थांबलं होतं. दहा हजार वर्षं जमिनीखाली झोपलेलं. अंगभर शेवाळ, खांद्यावर उगवलेलं एक झाड, डोळे नुकतेच लाल झालेले. ते आता काय बोलतं, याची कार्टूनमधलं अख्खं शहर वाट बघत होतं. आणि नोएडाच्या त्या स्टुडिओत, अनुरागशेजारच्या फिरत्या खुर्चीत बसून, मयुराही.

मयुरा त्यांची नात. वय दहा. मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी. सकाळी मेट्रोत तिने कबूल केलं होतं, “मशीन मराठी बोलेगी ना आजोबा, तो मैं पूरी सीरीज़ मराठी में देखूँगी. प्रॉमिस.” तेवढ्या एका प्रॉमिसवर बबनराव बहात्तराव्या वर्षी मायक्रोफोनसमोर उभे होते.

इथे आल्यावर कळलं, की मालिका मराठीत होतच नव्हती. राजकन्या, सेनापती, उडता कुत्रा, सगळे हिंदी बोलणार होते. मराठी बोलणार होतं ते फक्त यंत्र. कारण यंत्राची भाषा प्राचीन होती, लुप्त होती आणि पृथ्वीवर आता ती कुणालाच कळत नव्हती.

“नीचे हिंदी में लिखा आ जाएगा,” अनुरागने समजूत घातली होती. “आप मराठी में कुछ भी बोल दीजिए. बस, समझ में नहीं आना चाहिए.”

बबनरावांना ही अट अगदीच किरकोळ वाटली. केंद्र सरकारच्या एका खात्यात चौतीस वर्षं त्यांनी परिपत्रकांचं मराठी भाषांतर केलं होतं आणि ते कुणाला समजल्याची एकही तक्रार आली नव्हती. त्याच तयारीने त्यांनी पहिलं वाक्य फेकलं होतं, “सहस्रावधी वर्षांच्या निद्रेनंतर मी जागृत झालो आहे!”

“सहस्र, वर्ष, निद्रा, जागृत,” अनुरागने बोटांवर मोजून दाखवलं. “मेरी नानी भी समझ जाएगी, अंकल.”

“रणभूमी शत्रूच्या रक्ताची प्रतीक्षा करीत आहे!”

अनुरागने नुसते हात जोडले.

मग बबनराव जरा खाली उतरले. “वैऱ्यांनो, लढाईला तयार व्हा!” तर तेही त्याला समजलं.

बबनराव चक्रावले. जी मराठी गावाकडे सख्ख्या भावाच्या डोक्यावरून जायची, ती या लाजपतनगरच्या पोराला खडान्‌खडा कळत होती. मग चौतीस वर्षं आपण भाषांतर केलं ते कुणासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात डोकावला. त्यांनी तो तसाच परत पाठवला.

“पण हे यंत्र आहे कुणाच्या बाजूचं?” त्यांनी हिंदीत विचारलं. “शहर वाचवायला उठलंय की पाडायला?”

“वो तो सीज़न टू में पता चलेगा.”

“अहो, पण मला कळायला नको?”

“मशीन को ही नहीं पता, अंकल. कन्फ्यूज़्ड है. मुझे वही चाहिए.”

तेवढं मात्र बबनरावांना जमण्यासारखं होतं.

“चलो, लास्ट टेक,” अनुराग म्हणाला. “नहीं हुआ तो कोई बात नहीं. सेक्टर बासठ में एक तमिल अंकल हैं, उनको बुला लेंगे.”

काचेपलीकडे मयुराचा चेहरा पडला. ते यंत्र म्हणजे माझे आजोबा, असं अख्ख्या वर्गाला सांगून झालं होतं. तिच्या डाव्या हाताची चारही बोटं हळूहळू तोंडात गेली.

पडद्यावर यंत्र उठू लागलं. खांद्यावरचं झाड उन्मळलं. बबनरावांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ते नुसते मयुराकडे बघत राहिले.

आणि सेहेचाळीस वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या फलाटावर आईपाशी ठेवून आलेली वऱ्हाडी भाषा, दिल्लीत कचेरीत कधी न काढलेली, फक्त तान्ह्या मयुराला खेळवताना चोरून वापरलेली, पोटातून घरघरत वर आली.

“काहून बोटं चघळून राह्यली वं पोट्टे? काढ तोंडातून!”

पडद्यावर एक मनोरा कोसळला. सैन्य पळत सुटलं. अनुराग खुर्चीतून ताडकन उठला.

“ओ तेरी! क्या था ये? कोई श्राप था?” त्याने बाही सरकवून हातावरचा काटा दाखवला. “एक शब्द नहीं समझा, अंकल! एक भी नहीं!”

त्याने टाळी द्यायला म्हणून मयुराकडे हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला. मयुराची बोटं तोंडातून बाहेर आली होती. एकेक बोट फ्रॉकला पुसत, पाठ ताठ करून ती बसली होती.

“हो, आजोबा,” ती म्हणाली.

अनुराग तिच्याकडे बघत राहिला. मग आत बोलायचं बटण दाबून, वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, “अंकल, इसको समझ आ गया.”