काचेतला दगड

“अहो, हा इथे कसा?” काचेच्या पेटीला जवळजवळ नाक लावून बायकोने विचारलं.

पेटीत मखमलीवर एक तांबूस दगड होता. भूगर्भशास्त्रज्ञ साहेबांनी ध्रुवाकडच्या पहिल्याच मोहिमेतून तो आणलेला. आपल्या घरामागच्या टेकडीत जो खडक आहे, कणाकणाने तोच समुद्रापलीकडच्या बर्फात सापडला, म्हणजे दोन्ही भूमी कधीकाळी एकमेकींना चिकटून होत्या. एवढ्या एका गोष्टीवर साहेबांनी जन्म काढला. आजचं सुवर्णपदकही त्याचंच. बायको मात्र असल्या दगडधोंड्यांच्या वाटेला कधी गेली नव्हती.

“कसा म्हणजे? बर्फातून आणला.”

“बर्फातून कसला? आपल्या मागच्या दाराला लावायचा दगड हा. तंबूत कागद उडतात म्हणालात, म्हणून मीच नव्हता का तुमच्या पिशवीत घातला? सांगायचं तेवढं राहिलं.”

साहेब हसले. “अगं, या रेघा बघ. बर्फाने घासल्यात.”

“दाराने घासल्यात. खालचा खिळा बाहेर आला होता. ठोका ठोका म्हणून माझी जीभ झिजली.”

साहेबांनी वाकून रेघा पुन्हा निरखल्या. ‘चिठ्ठी नसलेला दगड म्हणजे कचरा’ असं प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनीच लिहून ठेवलं होतं. त्यापायी कितीतरी विद्यार्थ्यांना रडवलं होतं. आणि त्या संध्याकाळी तंबूत पिशवी उपडी केली, तेव्हा नेमक्या याच दगडावर, तो कुठे सापडला त्याची चिठ्ठी नव्हती. गारठलेल्या बोटांनी बांधायची राहिली असेल, असं म्हणून त्यांनी ती आठवेल तशी लिहून टाकली होती.

इतक्यात व्यासपीठावरून बोलावणं आलं.

“गुपचूप पदक घ्या आणि चला घरी,” बायको कुजबुजली.

साहेबांना रडू फुटायचं बाकी होतं. खरं बोलावं तर सगळी हयात पाण्यात. पण दगडाच्या बाबतीत खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी माइक धरला.

“हा दगड बर्फातला नाही. माझ्या घराच्या मागच्या दारातला आहे.”

सभागृहात एक जण उठला, दुसरा उठला, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. साहेब हात हलवून नाही नाही म्हणत राहिले, तशा टाळ्या वाढतच गेल्या.

अध्यक्षांनी डोळे पुसले. “साहेबांचा सिद्धान्त,” ते म्हणाले, “इतक्या सोप्या शब्दांत आजवर कुणी मांडला नव्हता.”