एकीचा नकार

पाहुण्यांची जीप दारात थांबली तेव्हा राजेश्रीच्या हातात कात्री होती आणि कमरेपर्यंतची वेणी फरशीवर पडली होती. आईने ते पाहिलं आणि घाईने बैठकीकडचं दार ओढून घेतलं. धाकटी भक्ती तेवढी पुढे झाली. तिने वेणी उचलून फडक्यात गुंडाळली. बहिणीच्या मानेला चिकटलेले बारीक केस ओढणीने पुसले.

राजेश्री बारावी पास झाली होती. परभणीच्या कॉलेजात जायचंय, हे तिने घरात महिनाभर सांगून पाहिलं. वडिलांनी, व्यंकटरावांनी, ते ऐकून घेतलं आणि गंगाखेडकडच्या पाहुण्यांना बोलावणं धाडलं. मुलाला नोकरी, घरचा ऊस, विहिरीला बारमाही पाणी. वालूरमधल्या कुठल्याच पोरीला असं स्थळ आलं नव्हतं, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

ती बैठकीत गेली ती पदर न घेताच. पाहुणे तिच्या डोक्याकडे बघत राहिले. मुलाची आत्या धुरपताबाई, तीच बोलणारी. तिने नाव विचारलं. राजेश्रीने नाव सांगितलं आणि त्याच दमात पुढचंही सांगून टाकलं.

"मला शिकायचंय. लग्न करायचं न्हाई. तुमी दुसरीकडं बघा."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. पाहुणे उठायच्या बेतात होते, तेवढ्यात भक्ती पाण्याचे रिकामे पेले उचलायला आली. सोळा वर्षांची, नुकतीच दहावी दिलेली. धुरपताबाईने तिला हाताला धरून जवळ बसवलं. स्वयंपाक येतो का, विचारलं. भक्तीने मान हलवली. मग धुरपताबाईने व्यंकटरावांना विचारलं, हिला कुठं दिलीय का.

चहा होईपर्यंत सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर ठरलं. मुलीचं वय पाहुण्यांनी विचारलं नाही आणि व्यंकटरावांनी सांगितलं नाही.

जीप गेल्यावर राजेश्री वडिलांसमोर उभी राहिली. भक्ती लहान आहे, हे कायद्यातही बसत नाही, म्हणाली. अशा लग्नाची खबर कुठे द्यायची ते शाळेत सांगितलेलं तिच्या लक्षात होतं, आणि व्यंकटरावांनी ते ओळखलं असावं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुला परभणीला जायचंय ना? जा. होस्टेलचं मी बघतो. पर भक्तीच्या मधी पडायचं न्हाई. एका घरात दोघींचा नकार चालणार न्हाई."

भक्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. राजेश्रीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून बारावीची गुणपत्रिका शोधू लागली.

पुढचे दिवस ती स्वतःची समजूत घालत राहिली. भक्तीला अभ्यासाची गोडी नाहीच. मुलगा निर्व्यसनी आहे म्हणतात. आणि भक्ती स्वतः कुठे काही बोलते? आई शेजारणीला सांगायची, धाकटी गुणाची निघाली बाई. हे बोलणं आपल्याला लावून आहे, हे राजेश्रीला कळायचं. तरी ते ऐकून तिला जरा हलकं वाटायचं.

निघायच्या दिवशी सकाळी भक्ती तिची बॅग घेऊन एसटीपर्यंत सोडायला आली. लांबून गाडी येताना दिसली तेव्हा राजेश्रीला राहवलं नाही. मनात नव्हतं तर त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीस, असं तिने जरा रागानेच विचारलं.

भक्तीने बॅग तिच्या हातात दिली.

"तू बोलशील म्हणून गप बसले व्हते, ताई."