बाल्कनीचा ओला रंग

आई गेली त्याच आठवड्यात दोघी बहिणींनी तिची खुर्ची भंगारात दिली आणि बाल्कनीची जमीन रंगवून घेतली.

"वाळेपर्यंत पाय ठेवू नका," रंगारी बजावून गेला. धाकटीने दाराला आतून कडी घातली.

सकाळी ओल्या रंगात खुर्चीच्या चार पायांचे ठसे होते. कठड्याजवळ, आई बसायची तिथेच.

"ताई, तू गेली होतीस का गं?"

"वेड लागलंय का? कडी तर तूच घातलीस!"

थोरलीने दारातूनच लांब दांड्याचा रोलर फिरवून ठसे बुजवले. दुपारी ते पुन्हा उमटले, पण या वेळी बाल्कनीच्या मधोमध. तिने परत रोलर फिरवला.

संध्याकाळी धाकटीने काचेतून डोकावलं. ठसे आता दाराला अगदी खेटून होते. त्यातले पुढचे दोन जास्त खोल रुतले होते, बसलेलं माणूस उठताना पुढे झुकतं तसे.